घरी फुलांचा पाक करताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फाल्गुन सरत आला की मराठवाड्यात ऊन चटका द्यायला लागतं आणि घराघरांत सरबताची तयारी सुरू होते. लिंबू-पन्ह्याच्या जोडीला गुलाबाचा, जास्वंदीचा, मोगऱ्याचा पाक करून बाटलीत भरून ठेवला तर पाहुणा आला, रोजा सुटायची वेळ झाली किंवा लेकरं उन्हातून आली की गार पाण्यात दोन चमचे टाकून काम होतं. असा पाक करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. फूल शिजवायचं नसतं. शिजते ती साखर, फुलाचा वास फक्त उतरवून घ्यायचा असतो.

कोणकोणत्या फुलांचा पाक होतो?

पहिला मान देशी गुलाबाचा. गुलकंदासाठी वापरतात तो गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा, तोडला की सायंकाळपर्यंत मान टाकणारा. त्याच्या वासाचा मोठा भाग पाण्यात उतरतो, म्हणून नवख्या माणसाचाही पाक चांगला होतो. लांब दांड्याचा, पॉलिहाऊसमधला डच गुलाब दिसायला देखणा असला तरी त्याला बहुधा वासच नसतो. त्याचा पाक म्हणजे नुसतं गोड पाणी.

जास्वंद रंगासाठी घ्यायची, तीही गावठी, पाच पाकळ्यांची लाल. तिला वास नाही, पण लिंबू पडताच जो लाल रंग येतो त्याला तोड नाही. गोकर्णाची निळी फुलंही रंगापुरतीच. लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो आणि लेकरं खूश होतात. गोकर्णाचं फक्त फूल घ्यायचं, बी आणि मूळ रेचक असतं.

लाल अंबाडीची बोंडं खरं तर फूल नव्हे, फुलाखालचा मांसल भाग. पण आपल्या भागात ती खरिपात बांधावर असतेच आणि दिवाळीनंतर बोंडं धरतात. पाला भाजीला जातो, बोंडं मात्र बरेच जण तशीच वाळू देतात, याचं मला फार वाईट वाटतं. आंबट, दाट लाल रंगाचा इतका चांगला पाक दुसऱ्या कशाचा होत नाही. यात वास जपायचा नसल्यामुळे बोंडं खुशाल उकळावीत. बी काढून पाव किलो बोंडं अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळायची, गाळायची आणि पुढे खाली दिलेल्या हिशेबाने साखर घालायची. लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) लागत नाही. अंबाडी कापसाच्या कडेला असेल तर मात्र त्या कापसावर शेवटचा फवारा कधी झाला ते विचारल्याशिवाय बोंडं तोडू नका.

मोगरा आणि पळस यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

कोणती फुलं अजिबात नकोत?

कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी. कण्हेर आणि बिट्टी तर हृदयावर परिणाम करणारी विषं आहेत, आणि दोन्ही आपल्याकडे कुंपणाला, रस्त्याच्या दुभाजकावर सर्रास असतात. तगर पांढरी असल्यामुळे घाईत मोगऱ्यात मिसळू शकते. देठ तोडल्यावर पांढरा चीक आला तर ते फूल बाजूला टाका. चाफाही याच नियमाने बाद. मात्र चीक नाही म्हणून फूल खाण्याजोगं ठरत नाही, धोतऱ्याला कुठे चीक असतो? ओळख पक्की असलेलं फूलच भगुन्यात टाकायचं.

बाजारातून, फुलवाल्याकडून आणलेला गुलाब चालेल का?

नाही. खुलताबादच्या दर्ग्यांपुढे किंवा तुळजापूरच्या देवळाबाहेर मिळणारा गुलाब वाहण्यासाठी पिकवलेला असतो, खाण्यासाठी नाही. फुलशेतीत औषधांचे फवारे होतात आणि ते काढणीच्या अगदी जवळही होतात, कारण ते फूल कोणी खाणार आहे असं शेतकऱ्याने धरलेलंच नसतं. पाण्याने धुतलं तरी सगळं औषध निघत नाही. देवाला वाहून उतरलेली फुलंही नकोत, त्यांवर हळद-कुंकू, अत्तर, तेल काहीही असू शकतं.

फूल ओळखीच्या माणसाकडून घ्यावं. आपलं परडं, शेजारचं अंगण, गावाकडचा मळा. नर्सरीतून नवं रोप आणलं असेल तर पहिला बहर पाकासाठी घेऊ नका, कारण मातीत घातलेलं औषध झाड आत शोषून घेतं. पहिली फुलं देवाला वाहा.

फुलं कधी तोडायची?

गुलाब सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये ही वेळ फार थोडी असते, आठ वाजले की ऊन लागतं आणि वास उडायला लागतो. पूर्ण उमललेलं पण पाकळी न गळणारं फूल घ्या. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या उलट दुपारनंतर तोडायच्या, त्या रात्री उमलतात.

गुलाबाच्या पाकाचं नेमकं प्रमाण आणि कृती सांगा.

देशी गुलाबाच्या १०० ग्रॅम पाकळ्या, अर्धा लिटर पाणी, सुमारे ९०० ग्रॅम साखर, ३ ग्रॅम लिंबूसत्व. एवढ्यात साधारण एक लिटर पाक होतो आणि त्यातून तीसएक ग्लास सरबत निघतं.

पाकळ्या सुट्या करून प्रत्येकीच्या बुडाचा पांढरा भाग कात्रीने काढून टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण कडवटपणा तिथेच असतो. घरातली चार माणसं बसली तर गप्पा मारता मारता होऊन जातं. मग पाकळ्या दोन पाण्यांतून अलगद काढून चाळणीत निथळू द्या.

पाणी उकळून गॅस बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. खळखळ पूर्ण शमली, वाफ येतेय पण बुडबुडा नाही, अशा पाण्यात पाकळ्या सोडा आणि लगेच घट्ट झाकण ठेवा. उकळत्या पाण्यात टाकल्या तर घरभर घमघमाट सुटतो आणि लोकांना वाटतं, काय छान जमलंय! घरात पसरलेला तो वास बाटलीतून वजा झालेला असतो. सहा ते आठ तास झाकून ठेवा. पाकळ्या पांढुरक्या पडतील आणि पाणी फिकट, जरा मळकट गुलाबी होईल. त्या रंगाने घाबरू नका.

स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळा, फडकं पिळून घ्या. आता हे पाणी वजन करून पाहा. साधारण ४५० ग्रॅम भरेल. त्याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे ९०० ग्रॅम साखर त्यात घालून मंद आचेवर हलवत राहा. लिंबूसत्व टाकलं की रंग डोळ्यांदेखत उजळतो. साखर पूर्ण विरघळली आणि कडेने एक उकळी फुटली की गॅस बंद करून झाकण ठेवा. मळी आली तर झाऱ्याने काढा. यापुढे आटवायचं नाही.

आणखी चांगला वास हवा असेल तर मूठभर ताज्या, पूर्ण कोरड्या पाकळ्या वेगळ्या राखून ठेवा, पाक कोमट झाला की त्यात घाला, तासाभराने गाळून घ्या. बाटलीत पाकळ्या सोडू नका. दिसायला सुंदर, पण बुरशी तिथूनच सुरू होते.

वजनकाटा नाही. वाटीने माप घेतलं तर?

एक वाटी पाण्याला सव्वादोन वाट्या साखर घ्या. आपल्या दुकानांत बारीक आणि मोठ्या दाण्याची अशी दोन्ही साखर मिळते आणि वाटीतलं वजन दाण्याप्रमाणे थोडं बदलतं. किराणा दुकानातून साखर तोलूनच आणत असाल तर एक किलोच्या पुड्याला अर्धा लिटर गाळलेलं पाणी, हा हिशेब वाटीपेक्षा बरा.

पाक जांभळट, राखाडी किंवा विटका का होतो?

हा प्रश्न मराठवाड्यातून फार येतो आणि बहुतेक वेळा कारण पाण्यात असतं. आपल्याकडे काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी जड असतं, भगुन्याला पांढरा थर धरतो ते हेच. त्यातले क्षार आंबटपणा मारून टाकतात. गुलाब आणि जास्वंद यांचा लाल रंग आंबट पाण्यात लाल राहतो, क्षारयुक्त पाण्यात निळसर-जांभळा होतो, आणि जास्तच क्षार असले तर हिरवट-राखाडी. तुमच्या गावात बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर पाकापुरतं एक-दोन लिटर आरओचं किंवा जारचं पाणी घ्या. पावसाचं स्वच्छ साठवलेलं पाणी गाळून-उकळून वापरलं तर त्याहून उत्तम.

रंग बिघडल्याचं दिसलं तर फेकू नका. लिंबूसत्व चिमूट-चिमूट घालत जा, बऱ्याचदा लाल परत येतो.

दुसरं कारण भांडं. लोखंडी कढई, बिनकल्हईचं पितळ, ॲल्युमिनियमचं पातेलं, तिन्ही नकोत. लोखंडाने रंग काळवंडतो, बाकीच्या दोहोंना आंबट लागतं आणि धातू पाकात उतरतो. स्टीलचं भगुनं घ्या. तिसरं कारण उजेड आणि उष्णता. बाटली खिडकीत ठेवली तर काही दिवसांत पाक तपकिरी पडतो. वर्तमानपत्रात गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेवा.

एवढं करूनही बाजारच्या सरबतासारखा भडक लाल येणार नाही. तो रंग घातलेला असतो. घरच्या गुलाबाचा रंग फिकटच असतो आणि तो तसाच असू द्यावा असं माझं ठाम मत आहे. फारच वाटलं तर दोन जास्वंदी पाकळ्यांबरोबर भिजवा.

जास्वंदीचा पाक बुळबुळीत होतो. काय चुकतं?

जास्त वेळ उकळली जाते. हिरवा देठ आणि मधली परागाची दांडी काढून दहा-बारा फुलांच्या पाकळ्या पाव लिटर गरम पाण्यात टाका आणि दहा मिनिटांत गाळा. पिळू नका.

मोगऱ्याचा वास पाकात उतरतच नाही. मग लोक करतात कसा?

मोगऱ्याला गुलाबाचा नियम लावला की निराशा होते. त्याचा वास फार हलका असतो, गरम पाण्याने तो उडतो आणि मागे उकडलेल्या पाल्याचा वास राहतो. पण मोगऱ्याची एक मोठी खूण आहे. तोडल्यावरही फूल रात्रभर वास सोडत राहतं. म्हणून गजरा सकाळपर्यंत दरवळतो. हा गुण वापरायचा.

साखरेचा साधा पाक आधी करून पूर्ण गार होऊ द्या. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत पाक ओता, वर फडक्याच्या सैल पुरचुंडीत मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या अशा टांगा की त्या पाकाला जेमतेम टेकतील, आणि झाकण लावा. रात्रभरात कळ्या उमलतात आणि बंद बरणीत त्यांचा वास पाक धरून ठेवतो. सकाळी फुलं काढून टाका, कोमेजलेलं फूल तसंच राहिलं तर वास कुबट होतो. संध्याकाळी नव्या कळ्या. असं तीन-चार रात्री केलं की पाकाला खरा मोगरा लागतो. कळ्या धुतल्यावर पूर्ण कोरड्या करायला विसरू नका, पाण्याचा थेंबही पाक पातळ करतो. हा पाक फ्रीजमध्येच ठेवावा आणि महिन्याभरात संपवावा.

थांबायला वेळ नसेल तर जुनी रीत आहेच. माठात चार मोगऱ्याची फुलं टाकायची आणि त्या पाण्यात साधा पाक घालून सरबत करायचं.

पळसाच्या फुलांचा पाक करता येतो का?

येतो. होळीच्या रंगासाठी जी फुलं भिजवतात तीच. किनवट-माहूरच्या जंगलात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत फाल्गुनात पळस पेटलेला असतो. रस्त्याकडेची धूळ बसलेली फुलं सोडून आतली घ्या, काळपट मखमली देठ काढा आणि पाकळ्या रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सुंदर केशरी पाणी मिळतं. चव किंचित तुरट-कडवट असते आणि वास नसतो, म्हणून थोडी वेलची किंवा गुलाबाचा पाक मिसळावा. लिंबू मात्र बेताने, कारण इथे ते उलटं वागतं, केशरी रंग फिकट पिवळा होतो. सावलीत वाळवलेल्या पाकळ्या पुढे मे महिन्यातही वापरता येतात.

एवढी साखर लागतेच का? निम्मी घातली तर?

घाला, पण मग तो पाक टिकाऊ नाही. साखर इथे गोडीपुरती नसते, ती पाक राखते. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी म्हणजे वजनाने ६६-६७ टक्के साखर. एवढ्या दाट पाकात जंतूंना वाढायला मोकळं पाणीच मिळत नाही. बाजारात विकल्या जाणाऱ्या सरबतांच्या पाकालाही किमान ६५ टक्के विद्राव्य घटकांची अट असते, ती उगीच नाही. समान साखर-पाणी घेतलं तर पाक जेमतेम ५० टक्क्यांचा होतो आणि यीस्टला तो आवडतो. असा पाक थोडा करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि दहा-पंधरा दिवसांत संपवावा. कमी गोड हवं असेल तर साखर कमी करण्यापेक्षा ग्लासात पाक कमी घ्या.

गूळ किंवा खडीसाखर चालेल?

खडीसाखर चालते, ती साखरच आहे. गूळ आपल्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यातला कितीही चांगला असला तरी गुलाब-मोगऱ्यासाठी नको. त्याचा स्वतःचा वास एवढा भारी की फूल त्याखाली दबून जातं, आणि गुळाचा पाक लवकर आंबतो. अंबाडीशी मात्र गुळाचं छान जमतं. तो पाक लगेच संपवावा.

पाक किती तारी करायचा? थर्मामीटर लावू का?

तार नको. एकतारी झाला म्हणजे सरबतासाठी पुढे गेला, थंड झाल्यावर खडे धरणार. बोटांत चिकट लागावा, तार तुटावी. मोजून साखर-पाणी घेतलं तर थर्मामीटरची गरजच पडत नाही. लावायचाच असेल तर पुस्तकातला आकडा जसाच्या तसा घेऊ नका. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरांहून उंच आहे, तिथे पाणी १०० नव्हे तर साधारण ९८ अंशांना उकळतं. आधी आपल्या घरचं पाणी किती अंशांवर उकळतं ते पाहा, त्याच्या ४ अंश वर पाक तयार.

बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे जमले.

पाक जास्त आटला किंवा लिंबूसत्व कमी पडलं. आंबट घालून गरम केलं की साखरेचा थोडा भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि तो खडे धरू देत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, दोन-तीन चमचे उकळतं पाणी घालून हलवा.

बाटल्या कशा भरायच्या, किती दिवस टिकतात?

काचेच्या बाटल्या घ्या. धुऊन, गार पाण्यात बुडवून ते पाणी उकळायला ठेवा आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं राहू द्या. कोरड्या केलेल्या पण अजून गरम असलेल्या बाटलीत गरम पाक भरा. गार बाटलीत गरम पाक ओतला तर काच तडकते. बूच लावून बाटली मिनिटभर उलटी धरा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही गरम पाकाने निर्जंतुक होते. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाक कधीच नको.

फ्रीजमध्ये गुलाबाचा दाट पाक चार ते सहा महिने राहतो. फ्रीज नसेल किंवा वीज सारखी जात असेल तर लहान बाटल्या भरा आणि घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. जुन्या माळवदाच्या घरात हे सहज जमतं, पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात जमत नाही. बाहेर ठेवलेला पाक महिना-दीड महिन्यात संपवा. प्रत्येक वेळी कोरडा चमचा.

झाकण उघडताना फसकन आवाज आला, वर फेस आहे. चालेल?

नाही, पाक आंबला आहे. ओतून द्या. अशा बाटल्या वायूने फुटूही शकतात, झाकण फडक्याखाली हळूच उघडा. वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच काढून बाकीचा वापरणं बरोबर नाही.

टिकण्यासाठी पावडर घालावी का?

घरच्यापुरती गरज नाही. घालायचीच तर सोडियम बेन्झोएट, लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, त्याहून जास्त नाही. लिंबाच्या-मोसंबीच्या स्क्वॅशमध्ये वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथे नको, ते लाल फुलांचा रंग उडवतं.

दुधात घातला की दूध फाटतं.

लिंबूसत्वामुळे. दुधासाठी वेगळी छोटी बाटली लिंबूसत्वाशिवाय करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दूध गारच घ्या.

मधुमेह असलेल्यांनी, लहान लेकरांनी घ्यावा का?

स्पष्ट सांगायचं तर ३० मिलिलिटर पाकात सुमारे २६ ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला अंदाजे ५० ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे दोन ग्लासांत मर्यादा संपली. मधुमेह असलेल्यांनी ‘घरचं आहे, फुलांचं आहे’ म्हणून घेऊ नये. लेकरांना अर्धा ग्लास, भरपूर पाणी आणि भिजवलेला सब्जा घालून द्यावा. गर्भवती बाईने जास्वंद आणि पळस टाळावीत. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर जास्वंद-अंबाडीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

ऊन लागून चक्कर, उलट्या, अंग तापणं असं काही झालं तर सरबत पाजत घरी बसू नका. माणसाला सावलीत घ्या, अंग ओलं करा, दवाखान्यात न्या.

बचत गटातर्फे विकायचा आहे.

अन्नपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, बाटलीवर घटक, तारीख आणि नोंदणी क्रमांक छापावा लागतो. त्याहीआधी फुलांची सोय बघा. गटातल्या दहा घरी देशी गुलाबाची पाच-पाच झाडं लावली तर दोन वर्षांत फवारा नसलेली फुलं स्वतःची होतात. विकत्या फुलांवर हा धंदा उभा करू नका.

गाळून उरलेल्या पाकळ्यांचं काय करावं?

वास गेलेला असला तरी गुलाबाच्या पाकळ्या खडीसाखरेबरोबर कुटून दोन दिवसांत संपवायचा मुरंबा होतो, पोळीला लावायला चांगला. अंबाडीच्या बोंडांची लसूण-मिरची घालून चटणी करा. बाकी सगळं झाडाच्या आळ्यात टाका, आणि पाकळ्या धुतलेलं पाणीही तिथेच ओता.